बंदूक घराची, परवाना माणसाचा

शस्त्रपरवान्याच्या कायदेकानूंची सांगोपांग माहिती मराठीत देणाऱ्या या पुस्तिकेचे हस्तलिखित तिच्या संकलकांनी माझ्या हाती दिले, तेव्हा त्यासोबत त्यांनी एकाच दोऱ्याने शिवलेली तीन जीर्ण परवानापुस्तकेही माझ्यापुढे ठेवली, आणि प्रस्तावनेची विनंती तोंडाने करण्याऐवजी त्यांची पाने एकामागून एक उलटून दाखविली. आर्वी तहसिलीतील एका जुन्या मालगुजार घराण्याची ही चीजवस्तू. आरंभीच्या पानांवर मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारची मोहोर, 1950 नंतरच्या पानांवर मध्यप्रदेशाची, 1956 च्या नोव्हेंबरनंतर द्विभाषिक मुंबई राज्याची आणि 1960 पासून महाराष्ट्राची. घर जागचे हलले नाही; बंदूक तीच, तिची दुनळी तीच, नळीवर कोरलेला क्रमांकही तोच; परंतु तिला घरात राहू द्यावे की नाही याचा निवाडा चार राजवटींनी आपापल्या शिक्क्यानिशी पुनःपुन्हा केला. मालगुजारी 1951 मध्ये गेली, वाड्याचा अर्धा भाग पडला, आमराईचे लिलाव झाले, तरी ती दुनळी टिकून राहिली. आणि शेवटच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ज्या गृहस्थांचे नाव आहे ते निवर्तल्यापासून ती पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, चिठ्ठी बांधून, पडून आहे.

या विषयातील सारी गुंतागुंत मला त्या तीन पुस्तकांत दिसते. घराण्याच्या दृष्टीने बंदूक ही वाड्यासारखी, विहिरीसारखी, देवघरातल्या टाकासारखी वडिलोपार्जित वस्तू. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती एका जिवंत, सज्ञान, चालचलणुकीने निष्कलंक अशा विवक्षित व्यक्तीला दिलेली मुदतीची सवलत. वस्तू मरत नाही, माणूस मरतो, आणि त्याच्याबरोबर कागदही मरतो. वारसाहक्काचा कायदा वस्तूची मालकी मुलाकडे देतो. पण मालकी मिळाली म्हणून ताबा मिळत नाही, हे शस्त्राच्या बाबतीतले वेगळेपण सामान्य कुटुंबाच्या ध्यानी येते ते बहुधा तेराव्याचा विधी उरकल्यावर, ठाणेदाराचा शिपाई दारात उभा राहतो तेव्हा. मृताच्या शस्त्राबाबत विलंब न करता ते ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे असे 1959 च्या शस्त्र अधिनियमाचे एकविसावे कलम सांगते, आणि विहित मुदतीत कोणी हक्क सांगितला नाही तर ते सरकारजमा होते. शोकात बुडालेल्या घराला कलमे कोण वाचून दाखविणार?

शस्त्र ही प्रजेची सवलत आहे, हक्क नव्हे, ही कल्पना आपल्याकडे मुळात परकीय सत्तेच्या भयातून आली हे विसरून चालणार नाही. सत्तावन्नच्या उठावानंतर हत्यारे काढून घेण्याची जी मोहीम चालली तिला स्थायी रूप दिले ते लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील 1878 च्या कायद्याने. त्यात परवान्याची सक्ती होती ती होतीच. पण युरोपियनांना त्या सक्तीतून वगळले होते, आणि खरी बोच होती ती या भेदाची. मद्रासला 1887 मध्ये भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या तिसऱ्या अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव झाला. वर्णभेदाची ही तरतूद पुढे 1920 च्या नियमांनी गेली; कायदा मात्र राहिला. आणि इथे आमच्या वर्धा जिल्ह्याच्या वाचकाला थोडे थबकावेसे वाटेल अशी गोष्ट आहे. पुढे 1936 पासून ज्यांनी सेवाग्राम येथे आपले बिऱ्हाड मांडले त्या महात्माजींनी 30 जानेवारी 1930 रोजी ‘यंग इंडिया’तून सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांतील शेवटची मागणी स्वसंरक्षणार्थ बंदुकीचे परवाने लोकनियंत्रणाखाली द्यावेत ही होती. मीठ, सारा, दारूबंदी यांच्या पंक्तीला बंदूक बसलेली पाहून आज कोणी चकित होईल. पण अहिंसा ही निःशस्त्र केलेल्या दुर्बळाची नसावी, शस्त्र हाती असूनही ते न उचलणाऱ्याची असावी, हा त्यांचा आग्रह ज्याला ठाऊक आहे त्याला त्यात विसंगती दिसणार नाही. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय सभेच्या कराचीच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख आला. घटनासमितीत डिसेंबर 1948 मध्ये आमच्याच मध्यप्रांताचे प्रतिनिधी ह. वि. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी सुधारणा मांडली, तेव्हा परिस्थिती पालटलेली होती, डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि ती सुधारणा संमत झाली नाही. मला आंबेडकरांचे म्हणणे पटते, पण कामतांची व्यथाही समजते.

स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम 1959 मध्ये आला आणि त्याखालील नियम 1962 मध्ये. या कायद्यात शेतकऱ्यासाठी एक झरोका ठेवलेला आहे, आणि आर्वी, आष्टी, कारंजा या टापूतील वाचकाने पुस्तिकेतील बाकीची प्रकरणे चाळली नाहीत तरी ते प्रकरण अवश्य वाचावे. पीकसंरक्षणाची गरज खरी असेल तर ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत भरमारचा, परवाना द्यावा, आणि ठासणीची बंदूक पुरेशी नसेल तर गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचाही देता येईल, अशी तेराव्या कलमाची योजना आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे रात्री मचाणावर जागलीला बसलेला कुणबी होता, यात मला शंका नाही. दुर्दैव इतकेच की शस्त्राच्या कायद्यातून त्या कुणब्याला जे दिले, ते वन्यजीवाच्या कायद्याने हळूहळू आखडून घेतले. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 चा. 1991 च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने मुळातूनच संपले. आणि तरी शस्त्राच्या अर्जात ‘शिकार’ हा शब्द जो राहून गेला तो राहूनच गेला. रोही आणि रानडुक्कर हे प्राणी पऱ्हाटीचे, तुरीचे, सोयाबीनचे, संत्र्याच्या कलमांचे एका रात्रीत काय करतात हे ज्याने पाहिले आहे त्याला कायद्याचे परिशिष्ट सांगणे कठीण जाते. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये या दोन प्राण्यांबाबत शेतकऱ्याच्या तक्रारीवरून मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार वनक्षेत्रपालापर्यंत खाली आणला. 2022 च्या दुरुस्तीने हेच प्राणी तिसऱ्या परिशिष्टातून उचलून दुसऱ्यात बसविले, आणि ती दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली. म्हणजे ज्याच्याकडे बंदुकीचा परवाना आहे त्याच्याकडे ती चालविण्याची परवानगी असेलच असे नाही, आणि ज्याला परवानगी मिळेल त्याच्याकडे बंदूक असेलच असेही नाही. एक कागद जिल्हादंडाधिकाऱ्याच्या दप्तरात, दुसरा वनखात्याच्या. डुकरांचा कळप मात्र दोन्ही दप्तरे उघडण्याची वाट पाहत नाही.

यात बोर अभयारण्याची गोष्ट वेगळीच. 1970 चे हे अभयारण्य 2014 मध्ये व्याघ्रप्रकल्प झाले. अभयारण्याच्या सीमेपासून 10 किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यावयाचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती लागते, आणि जुन्या परवानाधारकाला आपले नाव त्याच्याकडे नोंदवावे लागते, असे वन्यजीव कायद्याचे चौतिसावे कलम म्हणते. परिणाम असा की जिथे वन्यप्राण्यांचा उपद्रव सर्वांत अधिक तिथेच परवान्याची वाट सर्वांत लांब. याला अन्याय म्हणावे असे मी म्हणणार नाही. वाघाच्या शेजारी बंदुका वाढू नयेत हे शहाणपणच आहे. पण शहाणपणाचीही किंमत असते, आणि ती सेलू-कारंज्याकडच्या वावरातून वसूल होते.

आता वारशाच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. ‘घराची बंदूक’ ही भावना केवळ आपलीच नाही. अमेरिकेत 1934 च्या कायद्याने स्वयंचलित शस्त्रे, आखूड नळीच्या रायफली, आवाज दाबणाऱ्या नळ्या यांची नोंदणी सक्तीची केली आणि त्यांच्या निर्मितीवर व हस्तांतरणावर 200 डॉलरचा कर बसविला. आणि नोंदणी एका व्यक्तीच्या नावे असली की तिच्या गैरहजेरीत कुटुंबात दुसरा कोणी ती वस्तू हाती धरूही शकत नाही, ही अडचण तिथेही उभी राहिली. तिथल्या वकिलांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे बंदुकीसाठी केलेला न्यास. शस्त्र न्यासाच्या नावे, विश्वस्त घरचे चार जण. एक गेला तरी न्यास जिवंत, म्हणून कागदही जिवंत. त्यात आणखी एक सोय अशी की व्यक्तीने अर्ज केला तर बोटांचे ठसे, छायाचित्र आणि स्थानिक पोलीसप्रमुखाची सही लागे. न्यासाने केला तर यांतले काही लागत नसे. सोयीचे पुढे पळवाटेत रूपांतर झाले आणि न्यासांचा सुळसुळाट झाला. तेव्हा तिथल्या शासनाने 13 जुलै 2016 पासून नवा नियम अमलात आणला: न्यासातील प्रत्येक जबाबदार व्यक्तीने आपले ठसे आणि छायाचित्र द्यावे; मात्र पोलीसप्रमुखाच्या सहीऐवजी त्याला केवळ सूचना पाठवावी. वाट एका बाजूने अरुंद झाली, पण दुसऱ्या बाजूचा अडसरही निघाला. पोलीसप्रमुख सही देत नाही म्हणून न्यासाच्या आडोशाला गेलेली माणसे त्यामुळे पुन्हा स्वतःच्या नावाने अर्ज करण्यास मोकळी झाली.

आणि योगायोग पहा. दोनच दिवसांनी, 15 जुलै 2016 रोजी, भारत सरकारने 1962 चे नियम रद्द करून नवे शस्त्र नियम प्रसिद्ध केले. दोन्ही देशांत प्रश्न एकच होता, शस्त्राच्या मागे नेमका माणूस कोण. पण उत्तरांची जातकुळी निराळी. आपल्याकडे न्यासाच्या पाठीमागे लपण्याची वाट कधी रूढ झालीच नाही. अविभक्त कुटुंब असले तरी परवाना कर्त्याच्या नावे. नव्या नियमांतील पंचविसावा नियम वारसासाठी आहे, आणि माझ्या मते संपूर्ण नियमावलीतील सर्वांत माणुसकीचा आहे: परवानाधारक मृत झाल्यावर तर वारस अर्ज करू शकतोच, परंतु परवानाधारक 70 वर्षांचा झाल्यावर, किंवा शस्त्र त्याने 25 वर्षे बाळगले असल्यास, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे परवाना होऊ शकतो. बापाने स्वतःच्या हाताने मुलाच्या हाती बंदूक द्यावी, ठाण्याच्या मालखान्याने मध्ये येऊ नये, यासाठी ही सोय आहे. ज्या घराण्याच्या पुस्तकांपासून मी आरंभ केला त्यांना ती माहीत असती तर ते गृहस्थ सत्तरीत पदार्पण करताच काम झाले असते. ते एकोणऐंशीव्या वर्षी गेले.

भारतात वंश आणि जमीन यांच्याशी जोडलेला शस्त्राचा अधिकार अगदीच नाही असे मात्र नाही. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात कोडव समाजाला आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना ब्रिटिश अमदानीपासून परवान्याच्या सक्तीतून वगळलेले आहे. ही सूट 2019 मध्ये आणखी दहा वर्षांसाठी, म्हणजे 2029 पर्यंत, वाढविण्यात आली. न्यासाच्या कल्पनेला सर्वांत जवळचे भारतीय रूप शोधायचे तर ते हेच. परंतु तेही मुदतीचे आहे, हे ध्यानात ठेवावे.

वारशाच्या प्रश्नाला 2019 मध्ये संख्येचा प्रश्न येऊन मिळाला. 1983 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीन शस्त्रांची मर्यादा घातली होती. 2019 मध्ये ती एकावर आणण्याचा प्रस्ताव होता. विरोध झाल्यावर संसदेने दोन ठेवली, आणि वडिलोपार्जित शस्त्रांनाही हीच मर्यादा लावली. ज्यांच्याकडे तिसरे होते त्यांना ते जमा करण्यासाठी वर्षाची मुदत मिळाली, आणि ती नेमकी टाळेबंदीच्या वर्षात पडली. बदल्यात परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणे हाही त्याच दुरुस्तीने शिक्षापात्र गुन्हा ठरला. पुस्तिकेत याला दोनच ओळी मिळाल्या आहेत, त्या पंधरा असायला हव्या होत्या. तीन भावांच्या घरात आजोबांची दुनळी, वडिलांची एकनळी आणि काकांची रायफल असेल, तर पूर्वी तिन्ही कर्त्याच्या नावावर सुखाने राहत. आता एक तरी दुसऱ्या भावाच्या नावे करावी लागते, आणि त्याचा अर्ज म्हणजे चारित्र्यपडताळणी, वैद्यकीय दाखला, सुरक्षित ठेवण्याची हमी, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण, आणि राष्ट्रीय नोंदवहीतला विशिष्ट ओळख क्रमांक. या ओळख क्रमांकाच्या मुदती इतक्यांदा वाढल्या की अखेरची मुदत खरोखरच अखेरची आहे यावर लोकांचा विश्वासच बसेना.

राहिला निर्बंधित शस्त्रांचा प्रश्न. सामान्य वाचकाला वाटते की बंदुकीची मारक शक्ती जितकी मोठी तितका निर्बंध कडक. तसे नाही. बारा बोअरची दुनळी जवळून जो घात करते तो पाहता ती निर्बंधित असायला हवी. ती आहे जिल्हादंडाधिकाऱ्याच्या अखत्यारीत. थ्री-नॉट-थ्री रायफल, किंवा सैन्याची नऊ मिलिमीटरची काडतुसे घेणारे पिस्तूल, हे मात्र गृहमंत्रालयाच्या दारात. कारण शक्तीचे नसून काडतुसाचे आहे: फौजेच्या दारूगोळ्याने चालेल असे हत्यार खाजगी हातात नको, नाहीतर फौजेची काडतुसे बाजारात येतील. हे भय जुने आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सरकारने याच भयाने .450 बोअरच्या रायफलींवर हिंदुस्थानात बंदी घातली, तेव्हा इंग्लंडच्या कारागिरांनी .465, .470 अशी नवी मापे घडवून वाघाच्या शिकाऱ्यांची सोय लावली. आज पॉइंट बत्तीसचे रिव्हॉल्व्हर आणि तीनशे पंधराची रायफल सहज दिसतात ती या तर्काचीच संतती. 2016 च्या नियमांनी निर्बंधित शस्त्रासाठी अर्ज करणाऱ्यापुढे जी अट ठेवली ती जीविताला असलेल्या गंभीर आणि अपेक्षित धोक्याची. दहशतवाद्यांच्या रोखावर असलेली माणसे, अतिरेकी कारवायांच्या प्रदेशात राहणारी माणसे. आजोबांच्या शिकारीच्या आठवणीसाठी म्हणून जपलेली थ्री-नॉट-थ्री या अटीत कुठे बसवावी? नातवाने धोका दाखवावा तर धोका नाही; आठवण दाखवावी तर तिच्यासाठी रकाना नाही. आर्वीहून असा अर्ज निघाला की तो वर्ध्याला, मुंबईला आणि मग दिल्लीला जातो, आणि अर्जदार दरम्यान तहसील कचेरीच्या ओट्यावर भेटेल त्याला खबर विचारत राहतो.

आर्वीपासून पूर्वी छोट्या गाडीने पुलगावला जाता येत असे. ती अरुंद रुळांची वाट आता गवतात गेली. पण पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार तिथेच आहे, देशातल्या सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक, आणि 31 मे 2016 च्या भीषण आगीने आमच्या जिल्ह्याला त्याची जाणीव फार दुःखद रीतीने करून दिली. ज्या जिल्ह्यात सैन्याची एवढी काडतुसे साठलेली आहेत त्या जिल्ह्यात खाजगी हातातल्या नळीचे माप सरकारने इतक्या बारकाईने मोजावे, हे मला अनाठायी वाटत नाही. माझी तक्रार मापाबद्दल नाही, माहितीबद्दल आहे. राजपत्र दिल्लीत निघते. ते इंग्रजी-हिंदीत असते. त्याचा सारांश जिल्ह्याच्या परिपत्रकात येतो. परिपत्रक ठाण्याच्या फळ्यावर लागते. आणि फळा आतल्या खोलीत असतो. नियम बदलल्याने जेवढे नुकसान होत नाही तेवढे तो बदलल्याचे उशिरा कळल्याने होते. श्रीमंत अर्जदाराला वकील कळवितो. भरमारवाल्याला कळते ते नूतनीकरणाला गेल्यावर, आणि तेव्हा तो आधीच गुन्हेगार झालेला असतो. माझ्या वकिलीच्या अनुभवातले सांगतो: एका ठाण्यात माझ्या पक्षकाराची भरमार जमा करून घेतली गेली आणि पावतीच दिली गेली नाही; वर्षभराने परत मागितली तेव्हा अशी बंदूक आलीच नाही असे उत्तर मिळाले. ती अखेर सापडली ती एका कपाटामागे, उंदरांनी दस्ता कुरतडलेली. पावतीचा नमुना या पुस्तिकेत आरंभीच छापावा हा माझा आग्रह त्या प्रसंगातून आलेला आहे, आणि संकलकांनी तो मानला याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

निवडणुकीतील शस्त्रजमेविषयी पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे. तेही नीट वाचावे. परवानाधारक आहेत म्हणून सगळ्यांचीच शस्त्रे सरसकट जमा करून घ्यावीत असे नाही. प्रत्येक प्रकरणाचा विचार छाननी समितीने करावा, असे न्यायालयाने सांगितलेले आहे. व्यवहारात ठाण्याचा निरोप आला की माणसे मुकाट्याने बंदूक खांद्यावर टाकून निघतात. विधानसभेचे मतदान 2014 मध्ये 15 ऑक्टोबरला आणि 2019 मध्ये 21 ऑक्टोबरला झाले. म्हणजे सोयाबीन काढणीला आलेले, पऱ्हाटीला बोंडे लागलेली, तुरी फुलोऱ्याच्या वाटेवर, आणि भरमार ठाण्यात. रानडुकरांना आचारसंहिता लागू नसते.

आणि आश्विनातच खंडेनवमी येते. ज्या घराण्याची ती तीन पुस्तके, त्यांच्याकडे 2019 मध्ये नवमीच्या दिवशी मी सहज गेलो होतो. गृहस्थ तेव्हा हयात होते. देवघरासमोर पाट मांडला होता. त्यावर कुदळ, विळा, वखराची पास, सुनेचे शिलाईयंत्राचे पाते, नातवाची कंपासपेटी. आणि जिथे दरवर्षी दुनळी आडवी ठेवीत तिथे ठाण्याची जमापावती घडी उलगडून ठेवलेली होती, वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्या दोन्ही कोपऱ्यांवर दोन सुपाऱ्या. गृहस्थांनी कुदळीला कुंकू लावले, विळ्याला लावले, आणि पावतीपाशी हात येताच क्षणभर थांबले. मग शिक्का खराब होऊ नये म्हणून त्यांनी ते बोट कागदाच्या कडेला, अगदी कोऱ्या जागी, हलकेच टेकविले.